त्या सकाळी आडवं कोणीच आलं नव्हतं

प्रिय अप्पा,

नावापुढे काय लिहावं, इथेच अडलो. ‘तीर्थस्वरूप’ लिहायला हात धजेना. ‘कैलासवासी’ लिहिलं तर पत्र तुम्हाला नाही, एखाद्या कार्यालयाला पाठवतोय असं वाटायला लागलं. शेवटी ‘प्रिय’ लिहिलं. तुम्ही असताना हा शब्द माझ्या तोंडून निघाला असता, तर तुम्ही घसा खाकरून टीव्हीचा आवाज वाढवला असता.

आज बँकेत गेलो नाही. दुपार आहे, कूलर नुसता घरघरतोय, हवा काही गार होत नाही. मंजिरी बाहेरच्या खोलीत आहे. तुमची लेक सकाळी दोनच वाक्यं बोलली, त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि तिचं काही चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

पत्र आजच का, ते सांगतो. काल आईंनी मला अधिक महिन्याचं वाण दिलं.

तुम्हाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय, त्यामुळे विनूकाका आधी कुरकुरले. दुखवट्याचं वर्ष, कसं काय करायचं, लोक काय म्हणतील. आई म्हणाल्या, “विनूभाऊजी, निरांजन तुमच्या भावाने स्वतः सराफाकडे जाऊन आणून ठेवलंय. अधिक महिना आला की सुहासरावांना द्यायचं म्हणून. माणूस गेला म्हणून त्याने आणलेली वस्तू कपाटात कोंबून ठेवू का? शास्त्र मला सांगू नका.” त्यावर कोण काय बोलणार? आईंनी उन्हाळ्यात, त्या गरमीत, अनारसे केले. काकूंनी ओवाळलं. शेजारच्या दोघी-तिघी आल्या होत्या. मी आणि मंजिरी पाटावर बसलो आणि आईंनी ताट माझ्या हातात दिलं.

तेवढ्यात विनूकाकांनी ती गोष्ट काढली. तुम्ही गेल्यापासून ती घरात पुष्कळदा निघते. “दादाने बिचाऱ्याला शर्यतीच्या ट्रॅकवर आडवं येऊन पाडलं, हड्डी तोडली. तेव्हा सुहासराव, हे निरांजन म्हणजे वाण नाही, जुर्माना समजा.” सगळे हसले. आईही हसल्या, अप्पा. तुम्ही गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि त्या हसत होत्या तुम्ही न केलेल्या चुकीवर.

मला राहवलं नाही. ताट तसंच हातात धरून म्हणालो, “काका, अप्पांनी मला पाडलं नाही. ते माझ्या आडवे आलेच नव्हते. मी माझा पडलो.”

 मला वाटलं, झालं, एकदाचं बोललो. मग काकूंनी पदर डोळ्यांना लावला. विनूकाका उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारून शेजारणींना म्हणाले, “बघा. गेलेल्या माणसावर ठपका राहू नये म्हणून स्वतःवर घेऊन राहिला. आजकाल असा जावई मिळतो कुठे?” मी म्हणालो, काका, खरंच सांगतोय. ते म्हणाले, हो हो, खरंच. आईंनी माझ्या हातातल्या ताटात आणखी अनारसे ठेवले.

मी खरं बोललो आणि माझा मान वाढला! घरी येताना गाडीत मंजिरीने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, “नसतं बोललास तरी चाललं असतं, पण बरं वाटलं.” तो हात तसाच राहू दिला मी. इतका निर्लज्ज माणूस आहे तुमचा जावई.

तुम्हाला आठवतं ना, ट्रॅकवर जायची कल्पना मुळात तुमची होती? काही जणांना वाटतं मी तुम्हाला नादी लावलं, म्हाताऱ्याला मी चढवलं. खरं तर मी कधीच गेलो नसतो. मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर मोटारसायकलच्या शर्यतींचे व्हिडिओ बघणारा आणि वळणावर गुडघा टेकवण्याबद्दल व्याख्यानं देणारा माणूस. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात सिहोरच्या पुढच्या त्या ट्रॅकची जाहिरात तुम्ही बघितलीत. नवख्यांचा दिवस, आपली गाडी आणा, शिकवणारे आहेत. मला फोन करून म्हणालात, “सुहासराव, आयुष्यभर बांधकाम खात्यात लोकांसाठी वळणं बांधली. एकदा कोणी शिकवलं तर स्वतः नीट घेऊन बघावं म्हणतो.” मी हसलो होतो, पण तुम्ही पैसे भरूनही आला होतात, दोघांचे.

आणि मग मी शहाणपणा सुरू केला. माझ्या गाडीला रस्त्याचे टायर होते, चांगले, जेमतेम वर्षाचे. पण मी व्हिडिओत बघितलं होतं की ट्रॅकवर मऊ, जवळजवळ नक्षी नसलेले टायर घालतात. इंदूरच्या एका शर्यतवाल्याचे वापरलेले मिळाले, ते मी उचलले. जवाहर चौकातल्या दुकानात ते बसवून घेत होतो तेव्हा तुम्ही भाजीची पिशवी घेऊन नेमके तिथे आलात. मागच्या टायरवरून तळहात फिरवलात आणि विचारलंत, “हे गरम कोण करणार?”

मी म्हणालो, दोन फेऱ्या मारल्या की होतात आपोआप.

“ते जोरात मारणाऱ्याचे होतात,” तुम्ही म्हणालात. “आपण तर शिकायला चाललो. रस्त्याचा टायर थंड असतानाही धरतो, त्यासाठीच तर बनवला असतो. हा तापला नाही तर फरशीसारखा सरकेल. आधीचेच राहू द्या न. नक्षी शाबूत आहे, रबर ताजं आहे, फक्त हवा बघून घेऊ.”

दुकानात चार माणसं होती. त्यांच्यासमोर मी काय म्हणालो, आठवतंय? “अप्पा, तुमचे टायर इथून दूध आणायला ठीक आहेत. ट्रॅकवर लोक हसतील.” दुकानातले हसलेच. तुम्हीही हसलात. “हसू द्या. दूध आजवर सांडलं नाही न.” असं म्हणून पिशवी हँडलला अडकवून तुम्ही निघून गेलात. आज ते आठवलं की मला स्वतःचाच आवाज ऐकवत नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी गारठा होता, गवत ओलं होतं. तुम्ही स्वेटरवर जाड जाकीट चढवून, थर्मास पाठीशी बांधून, आपली गाडी चालवत ट्रॅकपर्यंत आलात. माझी गाडी पिकअपमध्ये बसून आली, कारण ते टायर घालून मला रस्त्यावरून यायचीच भीती वाटत होती. तेव्हाही डोक्यात उजेड पडला नाही. उतरवून घेतल्यावर आजूबाजूला बघितलं, तर जवळजवळ सगळ्यांच्या गाड्यांना रस्त्याचे टायर. कोणी कोणाला हसत नव्हतं. माझ्याकडेच वळून वळून बघत होते, आणि मी मूर्ख छाती काढून उभा.

शिकवणारे ते सरदारजी प्रत्येक गाडी वाकून बघत होते. तुमच्या टायरची नक्षी बघितली, किती जुने ते विचारलं, हवा थोडी कमी करून दिली. म्हणाले, “बढ़िया है अंकल जी। चलते-चलते हवा अपने आप चढ़ेगी। और जब लगे कि पिछला पहिया चिकना हो रहा है, तो आराम से अंदर आ जाना।” मग माझ्यापाशी आले.

“पहले कभी ट्रैक पे आए हो?”

“नहीं।”

“तो ये टायर क्यों? टायर पे लपेट के गरम करने वाले कंबल हैं?”

“नहीं।”

“आपको तो अंकल जी वाले टायर चाहिए थे।” हे ते सगळ्यांसमोर म्हणाले, चिडून नाही, साधंच. शेजारचे दोघं हसले. तुम्ही मात्र पटकन वाकून बुटाची नाडी बांधायला लागलात. तुमच्या बुटांना नाड्या नव्हत्या, अप्पा, ते मला तेव्हाही दिसलं होतं.

आपल्याला वेगळ्या गटांत घातलं. तुमचा गट आधी. मी कठड्याशी उभा राहून बघत होतो. तुम्ही सगळ्यांत हळू होतात, पण प्रत्येक वळण तुम्ही त्याच जागेवरून आत घेत होतात आणि त्याच जागेवरून बाहेर येत होतात. सरदारजी बाकीच्यांना म्हणाले, “अंकल जी को देखो, सड़क पढ़ रहे हैं।” तुम्ही आत आलात, शिरस्त्राण काढलंत आणि कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. “काय सांगू सुहासराव,” एवढंच म्हणालात. तुम्हाला पुढचा शब्द सापडत नव्हता. मला तेव्हा तुमचा हेवा वाटला. कौतुक वाटायला हवं होतं, ना?

मग माझा गट. पहिल्या फेऱ्या अगदी सावकाश, असं सरदारजींनी बजावलं होतं. मी पहिलं वळण सावकाश घेतलं. दुसऱ्या वळणाआधी कठड्याशी तुम्ही दिसलात, फोन कानाला लावून उभे, मोकळा हात हवेत वळवत कोणाला तरी काहीतरी सांगत होतात. पलीकडे ते हसणारे दोघं. मला वाटलं, दाखवतोच. गाडी झुकवली आणि मागचं चाक नुसतं सरकून गेलं. वेगही फार नव्हता. पडायला कारण ठरावा इतकाही नव्हता. खांद्यावर आपटलो, काहीतरी कट् झालं, आणि मी डांबरावर बसून राहिलो.

सगळ्यांत आधी तुम्ही धावत आलात, या वयात, त्या जड बुटांत. सरदारजी आले, म्हणाले, क्या हुआ? आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “कुछ गिरा था रोड पे। तेल-वेल था।”

सरदारजी वळणावर चालत गेले. वाकून हात फिरवला, बोटं बघितली. परत येताना माझ्या मागच्या टायरला हात लावला.   तुम्ही फक्त माझ्याकडे बघितलंत, आणि मला वाटतं, तेव्हाच तुम्हाला कळलं की या माणसाला स्वतःची चूक पेलायची नाही.

तुमच्या दिवसभराच्या फेऱ्या बाकी होत्या. त्यासाठी तुम्ही महिनाभर पहाटे उठून व्यायाम केला होता. तरी तुम्ही तुमची गाडी, जी धडधाकट होती, जी चालवत घरी येता आली असती, तीही पिकअपमध्ये चढवलीत, दवाखान्यात माझ्यासोबत बसलात, आणि मग पुढच्या सीटवर मला टेकू देऊन घरी आणलंत. वाटेत म्हणालात, “सुहासराव, तेल होतं असं घरी सांगू नका. त्या लोकांचा ट्रॅक बदनाम होतो बिचाऱ्यांचा. आयुष्यभर लोक स्वतः पडून आमच्या रस्त्याला नावं ठेवत आले, मला माहीत आहे कसं वाटतं ते. बघू, मी बोलतो.” मला वाटलं, तुम्ही आता खरं सांगणार. 

दारात आई आणि मंजिरी. माझा हात गळ्यातल्या झोळीत. आईंनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं, आणि तुम्ही माझ्या आधी बोललात. “माझ्यामुळे झालं. मी यांच्या आडवा आलो.”

मी तोंड मिटलं.

हे लिहून बघितलं तर किती छोटं दिसतं. मी खोटं बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो इतके महिने. मी फक्त गप्प बसलो. पण अप्पा, तुमच्या त्या एका वाक्याने काय काय झालं, ते मी समोर बसून बघत होतो. मंजिरी तुमच्यावर ओरडली. आईंनी तुमच्या गाडीची किल्ली काढून घेतली आणि आपल्या कपाटात ठेवली. भदभद्याच्या धरणाकडे सकाळची तुमची चक्कर बंद झाली. तुमचे मित्र फाटकापर्यंत यायचे, हॉर्न वाजवायचे, आणि तुम्ही पोर्चमधून हात हलवायचात. रोज सकाळी तुम्ही गाडी पुसायचात आणि थोडी पुढे-मागे ढकलून ठेवायचात, एका जागी उभं राहून टायर चपटे होऊ नयेत म्हणून. चालवायची नाही हे ठरलेलं असताना टायर कशासाठी जपत होतात?

मी दर रविवारी जेवायला यायचो. तुम्ही हाताने वाढायचात. एकदा आई आत गेल्या तेव्हा मी म्हणालो, अप्पा, आज मी सांगून टाकतो. तुम्ही भाताचा चमचा माझ्या ताटावर तसाच धरून म्हणालात, “काही गरज नाही. जावयाने या घरी मान वर करून जेवायचं. माझी काय, लग्नापासून खालीच आहे.” आणि मग मोठ्याने, आईंना ऐकू जाईल असं, “भाजी कशी झाली?” मी म्हणालो, छान झाली. भाजी खरंच छान झाली होती आणि मी दुसऱ्यांदा घेतली.

तुमच्यावर थोडा रागही आहे माझा, सांगू? तुम्ही माझा मान राखलात, पण मला विचारलंत का? माझ्या बाबांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या, दुसऱ्या दिवशी सगळं संपलं असतं. तुम्ही मला ‘अहो’ म्हणत, पाटावर बसवत, वाढत राहिलात. तुमच्या घरात जावयाची चूक काढायची नसते, म्हणून ती सासऱ्याने उचलायची, हा कुठला न्याय? असं मी स्वतःशी बोलतो, आणि मग लक्षात येतं की मी पुन्हा तेच करतोय. माझी चूक पुन्हा तुमच्या रीतिरिवाजावर ढकलतोय. राग खोटा नाही, पण त्याच्या आड लपायची जागा नाही मला.

मग फेब्रुवारीत तुम्ही गेलात. दुपारी जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. दिवसकार्याला आलेला प्रत्येक माणूस आधी तुमचं कौतुक करायचा आणि मग आवाज उतरवून म्हणायचा, शेवटी शेवटी थोडे हट्टी झाले होते, नाही? त्या गाडीचं वेड, जावयाचा जीव गेला असता. मी शेजारी उभा राहून पाण्याचे ग्लास देत होतो.

आता आज सकाळचं.

काल रात्रीपासून ते अनारसे डब्यात पडून होते, मला एकही खाता आला नाही. सकाळी मंजिरी अंघोळीला गेल्यावर मी एकटाच आईंकडे गेलो. त्या मागच्या अंगणात लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. मी समोर खाली बसलो. म्हणालो, “आई, काल मी मोठेपणा म्हणून बोललो नाही.”

“असू द्या हो,” त्या म्हणाल्या. “मला कळतं. तुम्हाला त्यांच्याबद्दल वाईट ऐकवत नाही.”

“नाही आई. ते ट्रॅकवर नव्हतेच. त्यांचा गट होऊन ते बाहेर आले होते. माझे टायर चुकीचे होते, त्यांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मी पडलो तेव्हा ते कठड्यापाशी उभे राहून फोनवर बोलत होते.”

आईंचा हात थांबला. “कोणाशी?”

“ते मला माहीत नाही.”

त्यांनी कैरीची फोड उचलून परत ठेवली. मग म्हणाल्या, “माझ्याशी.”

अप्पा, तुम्ही त्यांना फोन केला होता. मला कधी कळलंच नाही. आई सांगत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. “मी विचारत होते, जेवायला कधीपर्यंत येता. त्यांचं लक्ष कुठे. सांगून राहिले होते की मी एक वळण असं घेतलं न, असं घेतलं, तुला काय सांगू. लहान पोरासारखे. मी म्हटलं, पुरे, घरी आल्यावर सांगा. तर मधेच म्हणाले, थांब, सुहासराव पडले, आणि फोन कापला.” मग त्यांनी मान वर केली. “मी फोनवर होते. मग ते आडवे कसे येतील?”

 हे त्या मला नाही, स्वतःलाच विचारत होत्या.

“हे माझ्या डोक्यात का नाही आलं?” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी ते म्हणाले, मी आडवा आलो, की मी सुरूच झाले. मी त्यांना म्हटलं, तुमच्या हौसेपायी माझी पोरगी उघडी पडली असती. तोंडावर म्हटलं. तर ते म्हणाले, हो, चुकलंच माझं. आणि ते वळण त्यांनी मला परत कधी सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही.”

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही, पण घेतले.

“पडलात त्याचं मला काही नाही,” त्या म्हणाल्या. “गाडी चालवणारा पडतो. घाबरून पहिल्या दिवशी बोलला नसाल, ते पण मी समजू शकते. पण तुम्ही दर रविवारी इथे येऊन जेवलात, सुहासराव. ते तिथे किल्लीशिवाय बसलेले असायचे आणि तुम्ही जेवलात.”

  त्यांनी परत कैरी फोडायला घेतली, पण नीट फुटत नव्हती. म्हणाल्या, “त्यांची माफी आता मला मागता येत नाही आणि तुम्हालाही येत नाही. तेव्हा रडून काही उपयोग नाही. काल जेवढे होते तेवढ्यांना मी रविवारी परत बोलावते. त्यांच्या मित्रांनाही. तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं. मी शेजारी बसते आणि फोनचं सांगते. मग बघू कोण तुम्हाला मोठ्या मनाचं म्हणतं.”

मी हो म्हणालो. त्यांनी चहा विचारला नाही. त्या घरात पहिल्यांदाच मी तसाच उठून आलो, आणि खरं सांगू, बरं वाटलं. हे बरं वाटणंही मला आवडलं नाही.

मग मंजिरीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. टायरचं मी जरा जास्तच समजावत होतो बहुतेक, रबर थंड असतं तेव्हा असं होतं वगैरे, तर तिने हाताने थांबवलं. “हिवाळाभर मी अप्पांशी धड बोलले नाही,” ती म्हणाली. “तू घरातच होतास.” त्यानंतर ती बाहेरच्या खोलीत गेली. काल गाडीत तिने माझ्या हातावर हात ठेवला होता, तेही तिला आता आठवत असेल.

अप्पा, तुम्ही असता तर या क्षणी माझ्या बाजूने काहीतरी बोलला असता. मंजिरीला म्हणाला असता, जाऊ दे ग, होऊन जाते असं माणसाकडून. आईंना म्हणाला असता, मीच तर त्यांना गप्प बसवलं. तेही खरंच आहे. पण ते मी रविवारी सांगणार नाही. ते सांगितलं की तुमचा चांगुलपणा सगळ्यांच्या तोंडी येईल आणि मी त्यात अलगद झाकला जाईन. लोकांना झाकायला फार आवडतं, हे कालच बघितलं.

म्हणून तुम्हाला शब्द देतो. रविवारी मी टायरवरही ढकलणार नाही. ट्रॅकवर नाही, थंडीवर नाही, त्या हसणाऱ्या दोघांवर नाही, आणि तुमच्यावर तर नाहीच. अप्पांनी आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, मी पडलो, आणि ते बोलणी खात असताना मी हिवाळाभर गप्प बसून जेवलो. एवढंच सांगेन. कोणी पाठीवर थाप मारायला उठलं तर त्याला खाली बसवून पुन्हा पहिल्यापासून सांगेन. मग आई तुमच्या फोनचं सांगतील, आणि तुम्ही ते वळण कसं घेतलं होतं, ते मी सांगेन, कारण ते कठड्याशी उभं राहून मी बघितलं होतं आणि आईंना ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

तुमचा,
सुहास